ऑगस्टा सॅव्हेज : मातीतून माणसे घडविणारी शिल्पकार

आमच्या वस्तीच्या मागे वीटभट्टी आहे. माझे वडील तेथेच कामाला जातात. बेंदराच्या आदल्या दिवशी भट्टीवरची सारी मुले चिखल तुडवून बैल करतात. कोणाच्या बैलाची शिंगे मोडतात, कोणाचा बैल तीनच पायांवर उभा राहतो. पण दुसऱ्या दिवशी त्या बैलांना पाटावर मान मिळतो, हळदकुंकू लागते आणि पुरणपोळीचा नैवेद्यही दाखवला जातो. मातीला आकार दिला म्हणून कोणी मुलाला मारील, ही कल्पनाच मला नव्हती. म्हणूनच ऑगस्टा सॅव्हेज या अमेरिकन शिल्पकर्तीचे चरित्र वाचताना मी पहिल्याच पानावर थबकले.

ऑगस्टाचा जन्म २९ फेब्रुवारी १८९२ रोजी अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज या गावी एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. चौदा भावंडांत ती सातवी. गावात विटांचा धंदा होता आणि लाल चिकणमाती पायाखाली हवी तेवढी होती. लहानगी ऑगस्टा त्या मातीची बदके आणि कोंबड्या करी. वडील धर्मोपदेशक होते व मूर्ती घडविणे हे त्यांच्या लेखी पाप होते. हे पाप मुलीच्या अंगातून काढण्यासाठी ते तिला आठवड्यातून कितीतरी वेळा बडवीत. मार खाऊन ती पुन्हा मातीकडे जाई.

पंधराव्या वर्षी तिचे लग्न झाले, सोळाव्या वर्षी पदरी मुलगी आली आणि थोड्याच काळात पती वारला. १९१५ मध्ये कुटुंब वेस्ट पाम बीच येथे राहावयास गेले. तेथील जमीन रेताड, माती मिळेना. अखेर एका कुंभाराकडून तिने माती मिळविली आणि त्या मातीतून मेरी मातेची मूर्ती घडविली. ती पाहून वडिलांचे मन पालटले. शाळेच्या मुख्याध्यापकांनीही तिची कामे पाहिली आणि दिवसाला एक डॉलर देऊन मुलांना मातीकाम शिकविण्यास तिला ठेवून घेतले. स्वतः अद्याप कलेचे रीतसर शिक्षण न घेतलेली ही मुलगी अशा रीतीने प्रथम शिक्षिका झाली. पुढच्या आयुष्याचे सारे सूत्र मला या एका घटनेत दिसते.

१९१९ मध्ये जिल्ह्याच्या जत्रेत तिच्या मातीकामाला २५ डॉलरचे बक्षीस मिळाले. त्या जत्रेच्या व्यवस्थापकाने तिला न्यूयॉर्कच्या एका शिल्पकाराच्या नावे चिठ्ठी दिली. १९२१ मध्ये मुलीला आईवडिलांकडे ठेवून ऑगस्टा न्यूयॉर्कला पोचली, तेव्हा तिच्याजवळ अवघे ४ डॉलर ६० सेंट होते. ज्यांच्या नावे चिठ्ठी होती ते सोलोन बोरग्लम श्रीमंतांच्या मुलांना शिकवीत. त्यांची फी तिला परवडणारी नव्हती. त्यांनी तिला ‘कूपर युनियन’ या विनाशुल्क संस्थेकडे पाठविले. तेथे प्रवेशासाठी १४२ जणांची यादी तिच्यापुढे होती. पण तिचे काम पाहून संस्थेने तिला त्या सर्वांच्या आधी घेतले. पुढे पोटापाण्याची नोकरी सुटली, तेव्हा संस्थेने तिच्या राहण्याजेवणाचीही सोय केली. चार वर्षांचा अभ्यासक्रम तिने तीन वर्षांत पुरा केला.

ती राहत होती तो न्यूयॉर्कचा हार्लेम हा भाग. दक्षिणेतील छळाला कंटाळून आलेली हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे तेथे दाटीवाटीने राहत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते हार्लेमला लागूनच आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे करावयाच्या अर्जाविषयी विचारणा केली, ते विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस. याच डुबॉइसांचा अर्धपुतळा ऑगस्टाने विसाच्या दशकात घडविला होता. हे वाचले तेव्हा इतका वेळ दूरची वाटणारी ही बाई मला एकदम आपल्या परिचयाची वाटली.

१९२३ साली मोठी संधी आली. फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी कलाशाळा निघाली होती. ऑगस्टाने अर्ज केला. परंतु ती कृष्णवर्णीय आहे हे कळताच निवड समितीने तिला नाकारले. गोऱ्या मुलींना तिच्यासोबत प्रवास करणे व राहणे रुचणार नाही, असे कारण पुढे आले. अशा वेळी बहुतेक माणसे मुकाट्याने परत फिरतात. ऑगस्टा वर्तमानपत्रांकडे गेली. अन्याय जगापुढे आला, थोरामोठ्यांनी निषेध केला, समितीतील हर्मन मॅकनील या शिल्पकाराने खेद वाटून तिला स्वतःकडे शिकावयास बोलाविले. पण समितीचा निर्णय बदलला नाही आणि भांडखोर बाई असा शिक्का मात्र तिच्यावर बसला. त्या शिक्क्यामुळे कलाजगतातली कित्येक दारे तिला बंद झाली.

त्यानंतरची वर्षे कष्टाची गेली. १९२३ मध्ये तिने पुन्हा विवाह केला होता. तो पती दुसऱ्याच वर्षी परदेशातून परतताना जहाजावर वारला. रोम येथे शिकण्याची शिष्यवृत्ती मिळाली, पण ती फक्त शिक्षणापुरती होती. प्रवास आणि राहण्याच्या खर्चाची जुळणी होईना, तेव्हा रोम राहिले. ती लॉन्ड्रीत कपडे धुण्याइस्त्रीचे काम करी आणि रात्री मातीला हात लावी. पुढे फ्लोरिडातील तिची माणसेही तिच्या लहानशा खोल्यांत राहावयास आली.

अशा गर्दीत तिने १९२९ च्या सुमारास ‘गॅमिन’ हे शिल्प केले. गॅमिन म्हणजे रस्त्यावर वाढलेले पोर. डोक्यावर तिरकी टोपी, अंगात चुरगळलेला सदरा आणि वयाआधीच जग पाहिलेले डोळे. तिच्या भाच्यावरून तिने ते घडविले असे सांगतात. कृष्णवर्णीय माणसाचे चित्र काढावयाचे म्हणजे जाड ओठांचे हास्यास्पद सोंग काढावयाचे, अशी तेव्हा रीत होती. ऑगस्टाने गल्लीतले एक पोर जसे आहे तसे, मानाने घडविले. या शिल्पामुळे तिला रोझेनवाल्ड निधीची शिष्यवृत्ती मिळाली. प्रवासासाठी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मंडळांनी आणि शिक्षकांनी वर्गणी जमविली आणि ज्या फ्रान्सचे दार सहा वर्षांपूर्वी तिच्या तोंडावर लावले गेले होते, तेथे ती ताठ मानेने गेली.

१९३१ च्या सुमारास ती परतली, तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. पुतळे विकत घेणार कोण? तिने हार्लेममधील १४३ व्या रस्त्यावर एका तळघरात आपला स्टुडिओ थाटला आणि त्याचे दार सर्वांना उघडे ठेवले. ज्याला चित्र काढावयाचे असेल, माती मळावयाची असेल, त्याने आत यावे. पात्रतेची परीक्षा नव्हती. रस्त्यावर उभे राहून खिडकीतून डोकावणाऱ्या पोरांनाही ती आत घेई, असे तिच्याविषयी सांगितले जाते. विल्यम आर्टिस, नॉर्मन ल्यूइस, अर्नेस्ट क्रिचलो, ग्वेन्डोलिन नाइट हे पुढे नावारूपाला आलेले कलावंत तिच्या हाताखाली शिकले. केनेथ क्लार्क हाही तिच्याकडे येई. तो चित्रकार झाला नाही, मानसशास्त्रज्ञ झाला. वर्णभेदामुळे लहान मुलांच्या मनावर होणारा परिणाम त्याने व त्याच्या पत्नीने बाहुल्यांच्या प्रयोगाने दाखवून दिला, आणि शाळांतील वर्णविभागणी घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या निकालात त्या संशोधनाचा आधार घेतला गेला.

या काळात सरकारने बेकार कलावंतांना काम देण्याची योजना आखली होती. त्यातून १९३७ मध्ये ‘हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर’ उभे राहिले आणि ऑगस्टा त्याची पहिली संचालिका झाली. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट आल्या होत्या. चित्रकला, शिल्पकला, मुद्राचित्रण, कुंभारकाम, विणकाम असे वर्ग तेथे चालत. लहान मुले येत, कामावरून सुटलेली मोठी माणसेही येत. दीड हजारांवर लोकांनी तेथे नाव नोंदविले. शिकविणारे सारे स्वतः काम करणारे कलावंत होते. म्हणजे त्या एका जागेत कलावंताची चूल पेटत होती आणि शेजारच्या पोराच्या हाती कुंचला येत होता.

यातील एकच प्रसंग सविस्तर सांगते. जेकब लॉरेन्स नावाचा एक गरीब मुलगा होता. घरच्या अडचणीमुळे त्याने शाळा सोडली होती. त्याची चित्रे पाहून ऑगस्टाने त्याला सरकारी योजनेच्या कचेरीत नेले. एकवीस वर्षे पुरी नाहीत म्हणून त्याला परत पाठविण्यात आले. तो निमूटपणे हाती येईल ते काम करू लागला आणि ही गोष्ट विसरूनही गेला. ऑगस्टा विसरली नव्हती. वर्ष उलटून वय भरताच ती त्याला पुन्हा कचेरीत घेऊन गेली. या वेळी त्याला आठवड्याला सुमारे २४ डॉलर पगारावर केवळ चित्रे काढण्याचे काम मिळाले. १९४१ मध्ये त्याने दक्षिणेतून उत्तरेकडे आलेल्या कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावर साठ चित्रांची मालिका पुरी केली, आणि ती आज अमेरिकेतील दोन मोठ्या संग्रहालयांत विभागून ठेवलेली आहे. त्या वेळी ऑगस्टाने हात धरला नसता तर आपण चित्रकार झालो नसतो, असे तो पुढे मोकळेपणाने सांगे. विशेष म्हणजे उतारवयात तोही विद्यापीठात शिकवू लागला.

आता दुसरी बाजू. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी ऑगस्टाला एक शिल्प करावयास सांगण्यात आले. असे काम मिळालेल्या मोजक्या स्त्रियांपैकी ती एक होती. फ्लोरिडाचेच कवी जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ या गीतावरून तिने सोळा फूट उंचीची एक वीणा घडविली. उभ्या राहून गाणारी बारा माणसे म्हणजे त्या वीणेच्या तारा. खाली त्यांना तोलून धरणारा परमेश्वराचा हात आणि पुढ्यात गुडघे टेकून बसलेला एक तरुण. ‘द हार्प’ या नावाने ओळखले गेलेले हे शिल्प लोकांना अतिशय आवडले. त्याच्या छोट्या प्रतिकृती आणि चित्रपत्रे प्रदर्शनात विकली गेली. पण मूळ शिल्प प्लॅस्टरचे होते. ब्राँझमध्ये ओतून घेण्यास किंवा दुसरीकडे हलवून ठेवण्यास पैसे नव्हते. प्रदर्शन संपल्यावर इतर तात्पुरत्या बांधकामांबरोबर बुलडोझरने तेही पाडून टाकले.

हे शिल्प करण्यासाठी ती केंद्रातून रजेवर गेली होती. परतली तेव्हा तिच्या जागी दुसरी नेमणूक झालेली होती. १९३९ मध्ये तिने कृष्णवर्णीय कलावंतांसाठी स्वतःचे कलादालन काढले. तेही पैशाअभावी लवकरच बंद पडले. पुढे युद्धकाळात सरकारी पैसा आटला आणि केंद्रही बंद झाले. १९४५ मध्ये ऑगस्टा शहर सोडून सॉगर्टीज या खेड्यात गेली. तेथे अळिंबीच्या शेतीवर आणि त्यांच्या प्रयोगशाळेत तिने नोकरी केली, कोंबड्या पाळल्या आणि तेथेही आसपासच्या मुलांना मातीकाम शिकविले. २६ मार्च १९६२ रोजी ती वारली, तेव्हा जग तिला जवळजवळ विसरले होते. तिची पुष्कळशी कामे प्लॅस्टरची असल्याने फुटून वा हरवून गेली. अलीकडे मात्र तिची आठवण पुन्हा जागी झाली आहे. २०१८ मध्ये तिच्याच फ्लोरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे तिच्या आणि तिच्या शिष्यांच्या कामाचे एकत्र प्रदर्शन भरले.

हे चरित्र वाचून मला आनंद झाला, पण त्याहून अधिक मन अस्वस्थ झाले. त्याचे कारण सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वस्तीतल्या आठ-दहा मुलांचा अभ्यास मी रोज संध्याकाळी घेते. कोणाला पाढे येत नाहीत, कोणाला जोडाक्षरे. ती मुले घरी जातात तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि माझी स्वतःची पुस्तके तशीच मिटलेली असतात. गेल्या वर्षी माझे गुण घसरले. आधी स्वतःचे बघ, मग जगाचे, असे आई म्हणते, आणि तिचे काही चुकत नाही. पोटाला चिमटा घेऊन तिने मला येथवर पाठविले आहे.

ऑगस्टाच्या चरित्रात मी या प्रश्नाचे सोपे उत्तर शोधत होते. ते तेथे नाही. शिष्यांपायी तिचे स्वतःचे काम मागे पडले, हे तिचे चरित्रकारही मान्य करतात. जे वर्ष तिने केंद्राच्या कारभारात घालविले त्या वर्षात कोणते शिल्प झाले असते, ते आता कोणीच सांगू शकणार नाही. तिला तिच्या कामाचा पुरेसा वेळ आणि पैसा मिळावयास हवा होता. तो मिळाला नाही याला तिचे शिकविणे जेवढे कारण, त्याहून अधिक तिला नाकारणारा समाज कारण आहे. तिच्या त्यागाचे गोडवे गाताना हे विसरता कामा नये, असे मला वाटते.

तरीही एक गोष्ट राहतेच. सोळा फुटांची वीणा उरली नाही. पण ज्या मुलाला तिने दुसऱ्यांदा कचेरीत नेले, त्याची साठ चित्रे उरली. तिने स्वतः मात्र मातीही सोडली नाही आणि पोरांचे हातही सोडले नाहीत.

माझ्यापुरता मी एक निर्णय घेतला आहे. वर्ग बंद करावयाचा नाही; तो एक तास अलीकडे आणावयाचा आणि आठ वाजता माझे पुस्तक उघडावयाचे. यंदा बेंदराला मुलांबरोबर मीही भट्टीवर बैल करावयास बसणार आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला