बंदूक हातात असूनही थांबणारा माणूस : जिम कॉर्बेट

उसात बिबट्या दिसला, शेळी उचलली, की पारावर पहिला विषय निघतो तो बंदुकीचा. अमक्याच्या आज्याकडं रायफल होती, तमक्याच्या वाड्यात अजून भिंतीला टांगलेली आहे. त्याच गप्पांत एक नाव हमखास येतं, जिम कॉर्बेट. नाव सगळ्यांना माहीत आहे, पण माणूस नीट माहीत नाही. म्हणून हा लेख.

कॉर्बेटचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथं पोस्टमास्तर. जिम सहा वर्षांचा व्हायच्या आतच, १८८१ साली वडील वारले. घरात खाणारी तोंडं भरपूर. थोरला भाऊ टॉम यानं पुढं घर सांभाळलं आणि धाकट्याला नेमबाजीही शिकवली. हिवाळ्यात सगळं कुटुंब खाली काळाढुंगीला यायचं. जंगल तिथं दारातच.

पोराच्या हातात पहिली आली ती ठासणीची जुनी दुनळी. तिची एक नळी चिरलेली, म्हणजे चालणारी एकच. पुढं कॅडेट तुकडीतली मार्टिनी रायफल मिळाली. तिच्यात एका वेळी एकच काडतूस. दहाएक वर्षांचा असताना तिनंच त्यानं पहिला बिबट्या मारला. दुसरा बार लगेच काढता येत नाही म्हटल्यावर पहिला वाया घालवायचा नाही, ही सवय तिथंच लागली.

मोठेपणी पोटासाठी रेल्वेची नोकरी धरली. बिहारात मोकामा घाटावर गंगेपलीकडं माल पोचवण्याचं काम वीसेक वर्षं केलं. शिकार हा त्याचा धंदा कधीच नव्हता.

१९०७ साली कुमाऊँमध्ये चंपावतच्या वाघिणीनं हाहाकार माजवला होता. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसं तिच्या नावावर होती. सरकारनं कॉर्बेटला बोलावलं. त्यानं दोन अटी घातल्या. लावलेलं बक्षीस रद्द करा आणि बाकीचे शिकारी माघारी बोलवा. बक्षिसासाठी शिकार करणारा म्हणून ओळख त्याला नको होती, आणि दुसऱ्याच्या गोळीनं चुकून मरायचंही नव्हतं.

गावकऱ्यांनी हाकारा घातला. कॉर्बेटकडची काडतुसं संपली, तेव्हा तहसीलदाराची बंदूक घेऊन त्यानं शेवटचा बार टाकला. वाघीण पडल्यावर तिचं तोंड उघडून बघितलं, तर उजवीकडचे वरचा आणि खालचा दोन्ही सुळे तुटलेले. जुन्या गोळीची जखम होती ती. कुणीतरी अर्धवट बार टाकून तिला सोडून दिलं होतं. नेहमीची शिकार जमेना, म्हणून ती माणसाकडं वळली. म्हणजे एका निष्काळजी गोळीची किंमत शेकडो घरांनी मोजली.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला .२७५ ची रिग्बी रायफल भेट दिली. ही बोल्टची रायफल. दांडा वर उचलून मागं ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढं ढकलला की नवं नळीत बसतं. वजनाला हलकी, नेमाला पक्की. ती त्यानं आयुष्यभर जपली.

याच रायफलीनं १९२६ च्या मे महिन्यात रुद्रप्रयागचा बिबट्या संपवला. आठ वर्षांत १२५ माणसं त्यानं खाल्ली होती. त्याचं मूळ कॉर्बेटनं १९१८ च्या तापाच्या साथीत शोधलं. मढी इतकी, की लोकांना दहन जमेना आणि ती दरीत टाकली गेली. तिथं बिबट्याला चटक लागली. गुलाबराईच्या आंब्यावर कॉर्बेट दहा रात्री बसून राहिला. अकराव्या रात्री खाली बांधलेल्या शेळीची घंटा वाजली. त्यानं विजेरी लावली, बार टाकला आणि विजेरी विझली. बिबट्या मेला की नाही, हे उजाडल्यावरच कळलं.

तो काही संत नव्हता. त्यानं हौसेखातरही शिकारी केल्या. १९३० साली मारलेला पवलगडचा दांडगा वाघ नरभक्षक नव्हता. पण पुढं बंदुकीपेक्षा कॅमेरा जास्त वेळ हातात राहू लागला. १९३६ साली झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानामागं त्याचीही खटपट होती. त्याच उद्यानाला १९५७ पासून त्याचं नाव आहे.

शेतकऱ्यानं लक्षात ठेवावी अशी गोष्ट वेगळीच आहे. काळाढुंगीजवळ त्यानं छोटी हल्द्वानी हे गाव वसवलं. तिथं रानडुकरं पीक ठेवेनात. डुकरं मारायला बंदूक होतीच की घरात! पण १९२५ साली त्यानं गावाभोवती दगडी भिंत घातली. ती आजही बघायला मिळते. १९४७ साली बहीण मॅगीसोबत केनियाला जाताना जमीन कसणाऱ्या कुळांनाच दिली. लोक त्याला कारपेट साहिब म्हणत. १९ एप्रिल १९५५ ला केनियातल्या न्येरी इथं तो वारला. रिग्बी रायफल आधी त्याच्या प्रकाशकांकडं, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडं गेली आणि नंतर ती बनवणाऱ्या कंपनीकडं परत आली.

आज काळ बदललाय. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी आदेशाशिवाय बिबट्यावर गोळी चालवता येत नाही. वाडवडिलांची रायफल परवान्यावर घरात असली तरी नाही. हा कायदा कुणाला जाचक वाटेल, पण चंपावतच्या वाघिणीचे तुटलेले सुळे आठवा. जखमी जनावर पळून जातं आणि भोगतं दुसरंच गाव.

तेव्हा बिबट्या दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, गोठा बंदिस्त करा, रात्री पाण्याच्या पाळीला एकट्यानं जाऊ नका. आजोबांची रायफल भिंतीवरच राहू द्या.