बडी हॉली : बावीस वर्षांचें आयुष्य व एक रात्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं टेक्सास संस्थानांत लबक नांवाचें शहर आहे. सभोंवार कापसाचीं सपाट शेतें, वारा व धूळ. या शहरीं ता. ७ सप्टेंबर १९३६ रोजीं एका बेताच्या स्थितीच्या कुटुंबांत चौथें व शेवटचें अपत्य जन्मास आलें. मुलाचें नांव चार्ल्स हार्डिन हॉली असें ठेविलें; परंतु घरांतील मंडळी त्यास बडी म्हणत, व त्याच नांवानें तो पुढें जगास ठाऊक झाला. ज्या संगीतास रॉक अँड रोल म्हणतात त्याच्या आद्य प्रवर्तकांत त्याची गणना होते. त्याचें चरित्र बावीस वर्षांचें, व त्यांतही प्रसिद्धीचा काळ अवघा दीड वर्षाचा. तथापि त्याचा अखेरचा जलसा एका लहानशा गांवच्या नृत्यगृहांत ज्या रीतीनें झाला, ती हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व विशेषतः त्यांच्या पालकांस सांगण्याजोगी आहे असें आम्हांस वाटतें.

हॉली कुटुंब बाप्तिस्त मंडळीचें होतें व घरांत गाणेंबजावणें चाले. बडी पांच वर्षांचा असतां त्याच्या भावांबरोबर गायनाच्या एका चढाओढींत गेला. हातीं खेळण्यांतलें म्हणावें असें व्हायोलिन; तें वाजवितां येत नसल्यामुळें थोरल्या भावानें गजास वंगण चोळून ठेविलें होतें, म्हणजे सूर उमटावयासच नको! बडीनें नुसता गज फिरवीत गाणें म्हटलें आणि पांच डॉलरचें बक्षीस मिळविलें. हें बक्षीस कितपत न्यायाचें हें वाचकांनीं आपल्याशींच ठरवावें. पुढें मात्र गिटार त्यानें खरोखरीच्या मेहनतीनें साध्य केली. १९५५ सालीं शाळेचा अभ्यासक्रम पुरा होईपर्यंत गांवांतील नभोवाणीवर त्याचें गाणें ऐकूं येऊं लागलें होतें.

१९५६ सालीं डेका या बड्या कंपनीनें त्याच्याशीं करार केला. करारपत्र तयार करणाऱ्याच्या हातून त्याच्या इंग्रजी आडनांवांतील ‘ई’ हें अक्षर गळालें, व बडीनेंही तें तसेंच राहूं दिलें. कंपनीच्या मर्जीप्रमाणें गाणीं मुद्रित झालीं, तीं चाललीं नाहींत, आणि १९५७ च्या आरंभीं त्यास निरोप मिळाला. एखादा वीस वर्षांचा मुलगा येथेंच खचला असता. बडी आपल्या सोबत्यांसह शेजारच्या न्यू मेक्सिको संस्थानांतील क्लोव्हिस गांवीं गेला. तेथील एका खासगी ध्वनिमुद्रणगृहांत ता. २५ फेब्रुवारी रोजीं त्यानें आपलें एक नाकारलेलें गाणें आपल्या पद्धतीनें पुन्हां मुद्रित केलें. ज्या कंपनीनें त्यास निरोप दिला तिच्याच एका शाखेनें तें प्रसिद्ध केलें, व सप्टेंबरपर्यंत तें साऱ्या देशांत अग्रस्थानीं जाऊन बसलें. त्याच्या मेळ्याचें नांव क्रिकेट्स, म्हणजे रातकिडे, असें होतें. दोन गिटारी, एक मोठें खर्जाचें तंतुवाद्य व ढोल एवढाच संच. आणि गाणीं बहुतेक स्वतः रचलेलीं. आज जगभर तरुणांचे मेळे याच घडणीचे दिसतात.

त्याची दृष्टि फारच अधू होती. चष्मा लावून रंगमंचावर येणें गवयास शोभत नाहीं अशी त्या काळची समजूत होती. बडीनें जाड काळ्या चौकटीचा चष्मा घातला व तो कधीं लपविला नाहीं. आमच्या शाळेंतील ज्या मुलांस चष्म्याची लाज वाटते त्यांच्यासाठीं हें मुद्दाम नमूद करतों. १९५८ च्या मार्च महिन्यांत तो इंग्लंडांत गेला व पंचवीस दिवस गांवोगांवीं गायला. लिव्हरपूलच्या कांहीं शाळकरी मुलांनीं त्याच सालीं आपली पहिली ध्वनिमुद्रिका केली ती बडीच्याच गाण्याची. पुढें त्यांनीं आपल्या मेळ्यास त्याच्याप्रमाणेंच एका किड्याचें नांव दिलें. तो मेळा म्हणजे बीटल्स.

त्याच वर्षीं ऑगस्टांत मारिया एलेना सान्तियागो या पोर्टो रिको बेटांत जन्मलेल्या तरुणीशीं त्याचा विवाह झाला व उभयतां न्यूयॉर्कांत राहूं लागलीं. परंतु ज्या व्यवस्थापकाच्या हातीं हिशेब होता त्याच्याशीं बिनसलें, जुने सोबतीही दुरावले, आणि मिळविलेला पैसा अडकून पडला. घरीं पत्नीस दिवस गेलेले. केवळ पैशाच्या निकडीनें त्यानें हिंवाळ्यांतील एक दौरा पत्करला : चोवीस दिवसांत चोवीस गांवें.

दौऱ्याची आखणी ज्यानें केली त्यानें नकाशा पाहिला होता कीं नाहीं याची आम्हांस शंका वाटते. आज एका टोकास, उद्यां दुसऱ्या टोकास, असा शेंकडों मैलांचा प्रवास; मोटारी जुन्या, त्यांतील उष्णतेचीं यंत्रें बंद पडत. एके रात्रीं मोटार बर्फाळ रस्त्यावर थांबली, आणि ढोल वाजविणाऱ्या तरुणाचे पाय थंडीनें इतके गोठले कीं त्यास रुग्णालयांत ठेवावें लागलें.

अशा स्थितींत सोमवार ता. २ फेब्रुवारी १९५९ रोजीं सायंकाळीं ही मंडळी आयोवा संस्थानांतील क्लिअर लेक या तळ्याकांठच्या गांवीं पोहोंचली. हा मुक्काम मूळच्या यादींत नव्हता. मोकळी रात्र फुकट जाऊं नये म्हणून ऐन वेळीं ठरविलेला. सर्फ नांवाचें तेथील नृत्यगृह १९४८ सालीं बांधलेलें, लांकडी तक्तपोशीचें. समुद्र शेंकडों कोस दूर, पण भिंतींवर समुद्रकांठचीं चित्रें, आणि छतावर ढग तरंगत असल्याचा देखावा. बाहेर बर्फ, आंत उन्हाळ्याची रात्र! प्रवेशास सव्वा डॉलर. दुसऱ्या दिवशीं शाळा असूनही हजाराहून अधिक मुलेंमुली जमलीं. अशा घरांत गाणारा व ऐकणारा यांच्यामध्यें अंतर असें फारसें नसतें. मोठ्या शहरच्या प्रेक्षागारांत दूरवरचा एक ठिपका पाहून परतावें लागतें. येथें गवयाच्या कपाळावरचा घाम दिसतो, आणि त्यासही समोरच्या मुलांचे चेहरे दिसतात. आम्हांस वाटतें, गाणें ऐकावें तें अशाच जागीं.

ढोल वाजविणारा रुग्णालयांत. तेव्हां गवयांनींच आळीपाळीनें एकमेकांसाठीं ढोल वाजविले. ज्याचें नांव फलकावर सर्वांआधीं होतें तो बडीही दुसऱ्याच्या गाण्याच्या वेळीं मागें बसून ढोल वाजवीत होता. धुतलेले कपडे नाहींत, पुरती झोंप नाहीं, तरी त्यांनीं कार्यक्रमांत कसर केली नाहीं. त्या रात्रीं नाचलेलीं मुलें म्हातारपणींही तिच्याविषयीं बोलत. मध्यंतरीं बडीनें तेथील टेलिफोनवरून पत्नीशीं बोलणें केलें.

पुन्हां त्या मोटारींत बसणें त्याच्या जिवावर आलें. पुढच्या गांवीं आधीं पोहोंचावें, कपडे धुवावे, झोंप घ्यावी, एवढ्यासाठींच त्यानें चार आसनांचें एक लहान विमान ठरविलें. प्रत्येकीं छत्तीस डॉलर. एक जागा त्याच्या साथीदारानें, वेलन जेनिंग्ज यानें, तापानें आजारी असलेल्या जे. पी. रिचर्डसन यास दिली. दुसरीसाठीं नाणें उडविलें गेलें व ती सतरा वर्षांच्या रिची व्हालेन्स यास मिळाली. निघतांना जेनिंग्ज व बडी यांच्यांत थट्टेचे दोन शब्द झाले; जेनिंग्ज पुढें नामांकित गायक झाला, पण ते शब्द त्यास वर्षानुवर्षें सलत राहिले.

मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास विमान उडालें व कांहीं मिनिटांतच विमानतळापासून सहा मैलांच्या आंत एका शेतांत कोसळलें. तिघे गवई व एकवीस वर्षांचा वैमानिक, चौघेही जागच्या जागीं मरण पावले. चौकशी मंडळास आढळलें तें असें : अंधारांत व बर्फांत बाहेरचें कांहींच दिसत नसतां केवळ यंत्रांवर विसंबून उडण्याचा परवाना त्या वैमानिकापाशीं नव्हता, विमानांतील एका यंत्राची खूण त्याच्या संवयीच्या उलट रीतीनें वाचावी लागे, आणि पुढें येणाऱ्या वाईट हवेची पूर्ण सूचना त्यास मिळालीच नव्हती.

मारिया एलेना हिला पतीच्या मृत्यूची बातमी दूरचित्रवाणीवरून कळली. त्या धक्क्यानें तिच्या उदरांतील मूलही वांचलें नाहीं. पुढें अपघातांतील मृतांचीं नांवें आप्तांस कळविल्यावांचून जाहीर करूं नयेत अशी वहिवाट पडली, तिला हें दुःख बऱ्याच अंशीं कारण झालें.

त्याच सायंकाळीं पुढच्या गांवचा जलसा ठरल्याप्रमाणें झाला. जवळच्या फार्गो शहरांतील बॉबी व्ही नांवाचा पंधरा वर्षांचा मुलगा आपल्या शाळासोबत्यांसह पुढें आला व रिकाम्या जागीं गायला.

बडीचा दफनविधि लबक येथें झाला. थडग्याच्या दगडावर आईबापांनीं आडनांव मूळच्या सर्व अक्षरांनिशीं कोरविलें आहे. सर्फ नृत्यगृह आजही उभें आहे. १९७९ पासून फेब्रुवारींत तेथें स्मृतिजलसे होऊं लागले, व २०२१ सालीं त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा मान मिळाला. बडीचा चष्मा बर्फ वितळल्यावर त्या शेतांत सांपडला. तो सरकारी कचेरींत एका पाकिटांत वीस वर्षांहून अधिक काळ पडून होता. १९८० सालीं कोणाच्या तरी दृष्टीस पडला. हल्लीं तो लबक येथील संग्रहालयांत ठेविला आहे.