ग्रहगतीच्या नियमांचे जनक : योहान्नेस केप्लर

ग्रह सूर्याभोवती फिरतात, हा सिद्धांत निकोलस कोपर्निकस यांच्या ग्रंथाद्वारे १५४३ साली प्रसिद्ध झाला. परंतु ग्रह कोणत्या मार्गाने व किती वेगाने फिरतात, याचे अचूक उत्तर जर्मन गणितज्ञ योहान्नेस केप्लर यांनी दिले. क्षुल्लक वाटणाऱ्या एका फरकाकडे दुर्लक्ष करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यातूनच हे उत्तर हाती आले.

केप्लर यांचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी दक्षिण जर्मनीतील वाइल डेर श्टाट या छोट्या नगरात झाला. बालपणी देवीच्या आजाराने त्यांची दृष्टी कायमची अधू झाली. १५७७ साली दिसलेला तेजस्वी धूमकेतू त्यांच्या आई काथारिना यांनी त्यांना उंच जागी नेऊन दाखविला होता. ट्यूबिंगेन येथील शिक्षणानंतर १५९४ साली ते ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे गणिताचे शिक्षक झाले. मात्र कॅथलिक पंथ स्वीकारण्यास नकार दिल्यामुळे १६०० साली त्यांना ते शहर सोडावे लागले.

प्राग येथे त्यांना टायको ब्राहे यांच्याकडे काम मिळाले. दुर्बिणीच्या पूर्वीच्या त्या काळात ब्राहे यांनी केवळ डोळ्यांनी केलेली निरीक्षणे सर्वाधिक अचूक होती. १६०१ साली ब्राहे यांचे निधन झाले आणि सम्राट दुसरे रुडॉल्फ यांनी केप्लर यांना राजगणिती नेमले.

मंगळाची कक्षा वर्तुळाकार मानून केप्लर यांनी दीर्घकाळ आकडेमोड केली. परंतु गणित आणि निरीक्षण यांत ८ कलांचा फरक उरला. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पूर्णचंद्राच्या दृश्य व्यासाच्या जेमतेम चतुर्थांशाएवढा हा फरक होता. ब्राहे यांच्या निरीक्षणांत एवढी चूक असणे शक्य नाही, अशी खात्री असल्याने केप्लर यांनी स्वतःचे गणित आणि दोन हजार वर्षांची वर्तुळाची कल्पना, दोन्हींचा त्याग केला.

१६०९ साली त्यांच्या ‘अ‍ॅस्ट्रोनोमिया नोव्हा’ या ग्रंथात दोन नियम प्रसिद्ध झाले. ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असून सूर्य तिच्या एका नाभीवर असतो, हा पहिला नियम. ग्रह व सूर्य यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते, हा दुसरा नियम. म्हणजेच सूर्याजवळ असताना ग्रहाचा वेग वाढतो. पृथ्वी जानेवारीच्या प्रारंभी सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते, तेव्हा ती सर्वाधिक वेगाने धावते.

१६११ साली पत्नी आणि एका मुलाच्या मृत्यूचा आघात त्यांच्यावर झाला. १६१५ साली वृद्ध आईवर चेटूक केल्याचा आरोप आला. पुढे त्यांना सुमारे १४ महिने कैदेत राहावे लागले. केप्लर यांनी स्वतः बचावाची बाजू मांडली आणि १६२१ साली त्यांची सुटका झाली. याच धकाधकीच्या काळात, १६१८ साली, त्यांना तिसरा नियम गवसला : ग्रहाच्या प्रदक्षिणाकाळाचा वर्ग हा सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. गुरू पृथ्वीच्या ५.२ पट अंतरावर आहे; म्हणून त्याला एका प्रदक्षिणेस सुमारे ११.९ वर्षे लागतात.

१५ नोव्हेंबर १६३० रोजी रेगेन्सबुर्ग येथे केप्लर यांचे निधन झाले. तीस वर्षांच्या युद्धात त्यांची कबरही नष्ट झाली. मात्र त्यांनी वर्तविलेले बुधाचे अधिक्रमण ७ नोव्हेंबर १६३१ रोजी पॅरिसमध्ये पिएर गासेंदी यांनी प्रत्यक्ष पाहिले. १६८७ साली आयझॅक न्यूटन यांनी गुरुत्वाकर्षणाच्या आधारे हे नियम सिद्ध केले. आजही कृत्रिम उपग्रहांच्या कक्षांचे गणित याच नियमांपासून सुरू होते.