दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (३० एप्रिल, इ.स. १८७०:त्र्यंबकेश्वर - १६ फेब्रुवारी, इ.स. १९४४:नाशिक) हे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जातात. मुंबईच्या सर जे.जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, मुद्रण आणि जादूचे प्रयोग असे व्यवसाय त्यांनी केले.

चलच्चित्राचा अभ्यास

इ.स. १९११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिल्यानंतर ते रोज कित्येक तास चित्रपट पाहू लागले. पडद्यावरील हलती आकृती ही वस्तुतः स्थिर चित्रांची मालिका असते. सेकंदाला दहाबारांहून कमी चित्रे आली तर ती सुटी सुटी जाणवतात. संख्या वाढली की मेंदू त्यांतून सलग हालचाल ओळखतो. मूकपटांत ही संख्या साधारणतः १६ असे. तेवढ्याने हालचाल दिसे, पण लुकलुक उरे. म्हणून प्रक्षेपकातील तीन पात्यांची फिरती झडप प्रत्येक चित्र तीनदा उजळवी व सेकंदाला ४८ झोत पडद्यावर पडत. या अभ्यासाची किंमत डोळ्यांनीच दिली. जागरणे आणि अविरत ताण यांमुळे फाळके यांची दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी ती परत आली, हे भारतीय चित्रपटाचे भाग्यच.

फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी तंत्र पाहिले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. परतल्यावर भांडवल हवे होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर ठरावीक अंतराने त्याची चित्रे टिपली. टिपण्याचा वेग अत्यंत मंद, दाखवण्याचा मात्र नेहमीचा. त्यामुळे उघड्या डोळ्यांना कधीच न जाणवणारी अंकुराची वाढ सुमारे एका मिनिटात दिसली. ती पाहून कर्ज मिळाले. फिल्मला छिद्रे पाडण्याचे किचकट काम पत्नी सरस्वतीबाई करीत. त्यांचा उल्लेख पुष्कळदा राहून जातो.

चित्रपट

राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमागृहात प्रदर्शित झाला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. फुटाला १६ चित्रे, म्हणजे जवळजवळ ५९ हजार चित्रे! कॅमेरा हाताने फिरवावा लागे. छायालेखक त्र्यंबक तेलंग यांचा हात मंदावला असता तर पात्रे पडद्यावर धावताना दिसली असती.

त्याच वर्षी फाळके यांनी आपले काम नाशिकला हलवले. मोहिनी भस्मासुर, लंकादहन (१९१७), कालियामर्दन (१९१९) हे त्यांचे पुढील गाजलेले चित्रपट. बोलपटांत ध्वनीसाठी सेकंदाला २४ चित्रांचा वेग पक्का झाला आणि हाताने गती सांभाळणाऱ्यांचा काळ सरला. गंगावतरण (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. त्यानंतर सात वर्षांनी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले.