रब्बी इस्राएल सालांतर

शुभवर्तमानांतील परूशी व शास्त्री यांच्या गोष्टी वाचून आपल्यापैकीं पुष्कळांची अशी समजूत होऊन बसते कीं, यहूदी धर्म म्हणजे वाट्या घासणें, पुदिन्याचा दशांश देणें व शब्बाथ दिवशीं हातपाय न हालविणें, याहून अधिक कांहीं नाहीं. परंतु शेजाऱ्यावर प्रीति करण्याची आज्ञा आपल्या प्रभूनें मोशेच्या शास्त्रांतूनच घेतली. ती लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायांत आहे, आणि पुढें यहूदी लोकांनीं ती टाकून दिली असेंहि झालें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत लिथुएनिया देशांत होऊन गेलेल्या एका रब्बीचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों. शेजाऱ्याला ओलांडून देवापाशीं जातां येत नाहीं, असें त्यांनीं जन्मभर शिकविलें.

त्यांचें नांव इस्राएल लिपकिन. त्यांचा जन्म १८१० च्या सुमारास झागर गांवीं झाला. हा मुलूख तेव्हां रशियाच्या झारच्या ताब्यांत होता. वडील रब्बी होते, व मुलगा इतका बुद्धिमान कीं, बारा वर्षांचा होतांच त्याला शिक्षणासाठीं सालांत नांवाच्या गांवीं पाठविण्यांत आलें. त्या गांवावरूनच पुढें त्यांस सालांतर म्हणूं लागले. तेथें तलमूदाचे पंडित पुष्कळ होते. परंतु त्यांचें आयुष्य ज्यानें बदललें तो मनुष्य पंडित म्हणून मिरवणारा नव्हता. रब्बी झुंदल या नांवाचा हा गृहस्थ धर्मगुरूचें पद न घेतां लहानसा व्यापार करून पोट भरी, साधे कपडे घाली, व गांवाबाहेर शेतांतून एकटाच चिंतन करीत हिंडे. तरुण इस्राएल लपतछपत त्याच्या मागें जात असे. एके दिवशीं झुंदलानें मागें वळून पाहिलें, आणि देवाचें भय मनांत बाणेल अशा ग्रंथांचा अभ्यास कर, असें त्याला सांगितलें. तेवढें सांगणें त्या मुलाच्या काळजांत शिरलें.

सुमारें १८४० नंतर ते विल्ना शहरीं आले व तेथें तलमूद शिकवूं लागले. परंतु केवळ विद्येनें मनुष्य सुधारत नाहीं हें त्यांस दिसत होतें. जो विद्वान् खाण्यापिण्याचे नियम काटेकोर पाळतो तोच चहाडी करतो, रागावतो, गरिबाची मजुरी अडकवितो, हें कसें? त्यांचें उत्तर असें कीं, शास्त्र जसें शिकावें लागतें तसा स्वभावहि शिकावा लागतो. यासाठीं त्यांनीं नीतिशिक्षणाची एक चळवळ सुरू केली. तिला इब्री भाषेंत मुसार म्हणतात. कामकरी व व्यापारी लोकांनीं दिवसांतून थोडा वेळ एका खोलींत जमून नीतिपर ग्रंथ हेल काढून मोठ्यानें वाचावे व स्वतःच्या अंतःकरणाची झडती घ्यावी, अशी त्यांनीं व्यवस्था केली. जुने ग्रंथहि पुन्हां छापविले. त्यांतील एक पुस्तक १८०८ सालीं मेंडेल लेफिन यांनीं लिहिलेलें होतें. त्यांतील रीत अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँक्लिन यांच्या पद्धतीवरून घेतलेली आहे. तेरा सद्गुण निवडावयाचे, दर आठवड्यास एकावर लक्ष ठेवावयाचें, आणि रोज रात्रीं चुकांच्या खुणा मांडावयाच्या. वर्षांतून चार फेऱ्या होतात. एका अमेरिकन छापखानेवाल्याची वही लिथुएनियाच्या सभास्थानांत जाऊन पोहोंचावी, ही गोष्ट मोठी मौजेची आहे.

त्यांची खरी परीक्षा १८४८ सालीं झाली. त्या वर्षीं विल्ना शहरांत पटकीची सांथ आली. रब्बी इस्राएल यांनीं मदतीची व्यवस्था हातीं घेतली व आपल्या शिष्यांस आजाऱ्यांच्या शुश्रूषेस पाठविलें. जीव वांचविण्यासाठीं शब्बाथाचा नियम बाजूस ठेवावा, हा यहूदी शास्त्रांतील जुनाच नियम होय. त्यांनीं तो नवीन काढिला नाहीं. परंतु पुष्कळ लोक अशा वेळीं इतर धर्माच्या नोकराकडून काम करवून घेत व आपले हात निर्मळ ठेवीत. रब्बींनीं तसें होऊं दिलें नाहीं. चूल पेटविणें, पाणी तापविणें, जें लागेल तें शिष्यांनीं आपल्याच हातांनीं करावें, असा त्यांचा हुकूम होता. सांगतात कीं, एका घरीं रोगी बरा झाल्यावर घरधन्यानें आभार मानले, पण मुलांनीं शब्बाथ दिवशीं जरा जास्तच काम केलें असाहि शेरा मारला. तेव्हां रब्बी त्याच्यावर फार संतापले.

मग प्रायश्चित्ताचा दिवस आला. सर्व वर्षांत यहूद्यांस याहून पवित्र दिवस नाहीं. आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल लोक याला दारफाळणीचा सण म्हणत. या दिवशीं अन्नपाणी वर्ज्य असतें. उपासानें अशक्त झालेल्या शरीरांत रोग शिरेल असें भय होतें. रब्बी इस्राएल यांनीं शहरांतील सभास्थानांत सूचना लावून लोकांस त्या दिवशीं खाण्याची मोकळीक दिली, प्रार्थना लांबवूं नये व मोकळ्या हवेंत जावें असें कळविलें. पुढील हकीकत निरनिराळ्या प्रकारें सांगण्यांत येते. कोणी म्हणतात कीं, लोकांस खाण्याचा धीर होईना, म्हणून ते स्वतः सभास्थानाच्या व्यासपीठावर चढले, आशीर्वाद म्हटला, व सर्वांच्या देखत खाल्लें. कोणी म्हणतात, त्यांनीं केवळ परवानगी दिली. कसेंहि असो, शहरांतील कांहीं धर्माधिकाऱ्यांस तें रुचलें नाहीं. अशा धार्मिक मनुष्यानें हें करावें, यांत केवढें धैर्य होतें याचा वाचकांनींच विचार करावा. सोय पाहणाऱ्या मनुष्याला असा हुकूम देणें सोपें जातें. त्यांस तो सोपा नव्हता.

याच सुमारास सरकारनें विल्ना येथें रब्बी तयार करण्याची शाळा काढून त्यांस तेथें शिकविण्यास बोलाविलें. त्यांनीं तें नाकारिलें व ते कोव्नो शहरीं जाऊन राहिले. तेथें त्यांस झिस्सेल, ब्लाझर व आम्स्टरडॅम यांसारखे शिष्य मिळाले.

त्यांच्याविषयीं ज्या लहान गोष्टी यहूदी घरांत आजहि सांगतात, त्यांवरून त्यांची रीत विशेष कळते. एकदां प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या संध्याकाळीं सभास्थान भरलें, पण रब्बी येईनात. पुष्कळ वेळानें शोध केला, तों ते एका गरीब घरांत पाळणा हालवीत बसलेले आढळले. मुलाची आई प्रार्थनेस गेली होती, व वाटेनें जातांना रब्बींनीं त्याचें रडणें ऐकिलें होतें. दुसऱ्या एका वेळीं भोजनापूर्वीं हात धुतांना त्यांनीं अगदीं थोडें पाणी घेतलें. यजमानास नवल वाटलें, कारण भरपूर पाणी घेणें अधिक पुण्याचें समजत. रब्बींनीं दाखवून दिलें कीं, तें पाणी मोलकरीण लांबून खांद्यावरून आणिते, आणि दुसऱ्याच्या खांद्यावर आपली भक्ति लादूं नये. ज्या गांवीं पाण्यासाठीं मैल मैल चालावें लागतें, तेथील आपल्या बहिणींस ही गोष्ट फोड करून सांगण्याची गरज नाहीं. वल्हांडणाची बेखमीर भाकर करावयाच्या वेळीं कशाची काळजी घ्यावी, असें शिष्यांनीं विचारिलें. खमिराविषयीं शंभर नियम ते सांगतील असें त्यांस वाटलें. पण त्यांनीं सांगितलें कीं, कणीक मळणारी बाई विधवा आहे, तिला कोणी टाकून बोलूं नये. आणि पश्चात्तापाच्या दिवसांत एक धार्मिक गृहस्थ इतकें भयभीत तोंड करून चालला होता कीं, त्यानें रब्बींच्या प्रश्नास उत्तरहि दिलें नाहीं. तेव्हां रब्बी म्हणाले कीं, अंतःकरण त्याचें स्वतःचें आहे, तेथें त्यानें खुशाल थरकांपावें. परंतु चेहरा सार्वजनिक रस्त्यासारखा आहे, तेथें येणाऱ्याजाणाऱ्यास अडथळा करण्याचा त्याला अधिकार नाहीं.

त्यांचें घरचें जीवन सर्व सुखाचें होतें असें नाहीं. मनाच्या आजारानें ते वेळोवेळीं ग्रासले जात, व १८५७ सालीं उपचारासाठीं त्यांस जर्मनींत जावें लागलें. पुढें ते बहुतेक मेमेल व क्योनिग्सबर्ग येथेंच राहिले. १८६१ सालीं त्यांनीं तबुना नांवाचें एक नियतकालिक काढिलें, पण तें फार दिवस चाललें नाहीं. त्यांचा मुलगा लिपमन मोठा गणिती झाला. गोल फिरण्याची गति सरळ रेषेंत आणणारी दांड्यांची जी एक जुळणी आहे तिला त्याचें नांव आजहि जोडतात. पण तो बापाच्या मार्गानें चालला नाहीं. एका वर्तमानपत्रानें मुलाची स्तुति करून बापाचेंहि नांव घेतलें, तेव्हां त्या कीर्तींत आपला वांटा नाहीं असें बापानें छापून कळविलें. परक्या मुलाचा पाळणा हालविणाऱ्या मनुष्यास हें लिहितांना काय वाटलें असेल! आम्हांस हा त्यांच्या चरित्राचा कठीण भाग वाटतो, आणि तो झांकून ठेवणें योग्य नाहीं. मुलगा १८७६ सालीं देवीच्या रोगानें वारला.

म्हातारपणींहि ते दोन वर्षें पॅरिस येथें राहून तेथील विखुरलेल्या यहूद्यांमध्यें काम करीत होते. त्यांच्या शिष्यांनीं व शिष्यांच्या शिष्यांनीं केल्म, स्लोबोदका इत्यादि ठिकाणीं विद्यालयें चालविलीं. १९४१ सालीं नाझी सैन्यानें लिथुएनियांतील यहूद्यांची कत्तल केली तींत हीं विद्यालयें व त्यांतील बहुतेक लोक नाहींसे झाले. जे वांचले व जे आधीं देशाबाहेर गेले होते त्यांनीं ही शिकवण पॅलेस्टाइन व अमेरिकेंत नेली.

रब्बी इस्राएल यांचा अंत १८८३ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या २ ऱ्या तारखेस क्योनिग्सबर्ग येथें झाला. त्या शहराला आतां कालिनिनग्राड म्हणतात. शेवटच्या रात्रीं त्यांच्याजवळ कुटुंबांतील कोणी नव्हतें. मंडळीनें पगारावर ठेविलेला एक साधाभोळा सेवक तेवढा होता. दुसऱ्या दिवशीं वडील मंडळीनें त्याला मोठ्या उत्सुकतेनें विचारिलें कीं, एवढ्या विद्वान् पुरुषानें मरतांना काय सांगितलें. तो म्हणाला कीं, प्रेताजवळ रात्रीं एकटें राहण्याचें मला भय वाटत होतें, तें त्यांनीं ओळखलें, आणि मेलेला मनुष्य कोणास कांहीं करीत नाहीं हेंच ते मला शेवटपर्यंत समजावून सांगत होते.