गवंड्यांच्या पोरांचे डॉन बॉस्को

संत योहान बॉस्को यांचें नांव आमच्या वाचकांस नवें नाहीं; परंतु जपमाळ धरणाऱ्या त्या हातांस रंधाही परिचित होता, हें पुष्कळांस ठाऊक नसावें. १६ ऑगस्ट १८१५ रोजीं इटलींतील कास्तेलनुओव्हो गांवाजवळच्या बेक्की वाडीवर, शेतकऱ्याच्या घरीं ते जन्मले. दोन वर्षांचे होण्यापूर्वींच पितृछत्र हरपलें. पुढें शिकत असतां शिंपी, लोहार, सुतार यांच्या हाताखालीं त्यांनीं कामें केलीं.

१८४१ सालीं गुरुदीक्षा घेऊन ते तुरीन शहरीं आले. शहर वाढत होतें, आणि खेड्यांतून आलेलीं पोरें दिवसभर पायाडावर विटा व चुना वाहत होतीं. राबवून घेणारे पुष्कळ, शिकविणारा विरळा! त्याच वर्षीं ८ डिसेंबरला त्यांस भेटलेला बार्तोलोमेओ गारेल्ली हा आस्तीचा पोरका मुलगाही गवंडीकामावरच होता. फादरसाहेब कामाच्या जागीं जाऊन पोरांची विचारपूस करीत व मालकांशीं बोलत.

मात्र नुसत्या गोड शब्दांवर विसंबणारे ते नव्हते. ८ फेब्रुवारी १८५२ रोजीं जुझेप्पे ओदास्सो या मुलास सुतारकी शिकविण्याविषयीं स्टांपाच्या कागदावर करार झाला. मुदत दोन वर्षें. उस्तादानें धंदा खरोखरच शिकवावा. चुकल्यास शब्दांनीं समजवावें, मारूं नये. धंद्याबाहेरचीं कामें सांगूं नयेत. सणावारीं मोकळें सोडावें. मजुरी ठराविक काळानें वाढवावी. खालीं उस्ताद, मुलगा, त्याचा बाप आणि डॉन बॉस्को यांच्या सह्या. शिकाऊ पोराकडून घरचें पाणी भरून घेणारे उस्ताद आम्हींही पाहिले आहेत. म्हणून त्या तिसऱ्या अटीचें मोल आम्हांस विशेष वाटतें.

त्याच वर्षीं २ डिसेंबरच्या रात्रीं, पावसानें भिजलेली त्यांची अर्धवट बांधलेली नवी इमारत कोसळली. शेजारीं मुलें निजलीं होतीं; देवकृपेनें कोणास इजा झाली नाहीं. पुढच्या वर्षीं बांधकाम पुन्हा उभें राहिलें.

बाहेरच्या कारखान्यांतील शिव्यागाळी व कुसंगतीपासून मुलांस दूर ठेवण्यासाठीं त्यांनीं १८५३ सालीं वाल्दोक्को येथें घरींच चांभारकाम व शिवणकाम सुरू केलें. स्वतः बांकावर बसून ते जोडा शिवावयास शिकवीत. १८५४ त पुस्तकबांधणी, १८५६ त सुतारकाम, पुढें छापखाना व लोहारकाम आलें. गवंडीकाम मात्र चार भिंतींत कसें शिकवावें? तें पायाडावरच शिकावें लागे.

३१ जानेवारी १८८८ रोजीं ते देवाघरीं गेले. १९३४ सालीं त्यांस संतपद मिळालें. त्यांच्या संघाचे धर्मगुरु १९०६ त तंजावरास आणि १९२८ त मुंबईस येऊन पोहोंचले.