तराजूवरचा माणूस

पाणी सतत उकळत ठेवले की त्याची माती होते, असे अठराव्या शतकातले भलेभले विद्वान मानत. पुरावा भांड्याच्या तळाशी दिसेच. पॅरिसच्या आन्त्वान लाव्हाझिए या तरुणाने १७६८ साली बंद काचपात्रात पाणी तापवायला ठेवले, ते तब्बल १०१ दिवस. आधी पात्र आणि पाणी तोलले, नंतर पुन्हा दोन्ही तोलले. एकूण वजन जिथल्या तिथे! घट आली होती ती काचेत, आणि गाळ जवळपास तेवढ्याच वजनाचा. काचच झिजून पाण्यात उतरली होती.

माझी उभी हयात बँकेत गेली. संध्याकाळी एका रुपयाचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नसे. त्यामुळे असेल, पण वकिलीचे शिक्षण घेतलेला हा गृहस्थ मला आमच्यातलाच वाटतो. शाळेतली मुले कंटाळत जी रासायनिक समीकरणे संतुलित करतात, त्यांच्यामागे याचीच शिस्त आहे. डावीकडे जेवढे गेले, तेवढे उजवीकडे निघालेच पाहिजे.

पदार्थ जळताना त्यातून फ्लॉजिस्टन नावाचे तत्त्व निघून जाते, अशी तेव्हाची समजूत. मग जळलेल्या गंधकाचे वजन वाढते कसे? १७७४ साली इंग्लंडचा प्रीस्टली पॅरिसला आला, तेव्हा पाऱ्याच्या लाल भस्मातून निघालेल्या अजब हवेविषयी तो बोलून गेला. लाव्हाझिएने धागा पकडला. बंदिस्त हवेत पारा बारा दिवस तापवला. लाल भस्म जमले आणि हवेचा सुमारे सहावा हिस्सा गायब झाला. तेच भस्म जास्त तापवताच तेवढी हवा परत मिळाली. म्हणजे जळताना बाहेर काही जात नाही, हवेतलेच काही येऊन मिळते. त्याने त्याला ऑक्सिजन हे नाव दिले. प्रीस्टलीचे ऋण मात्र मोकळेपणाने मानले नाही, हे मला खटकते.

पत्नी मारी-आन लग्नात अवघी तेरा वर्षांची. ती इंग्रजी शिकली, त्याच्यासाठी ग्रंथ भाषांतरित केले, आणि १७८९ च्या त्याच्या प्रसिद्ध पुस्तकातल्या आकृत्याही तिनेच काढल्या. त्या पुस्तकात ३३ मूलद्रव्यांची यादी आहे. तीत प्रकाश आणि उष्णताही घुसल्या आहेत!

एवढ्या अचूक तराजूंना पैसा लागतो. तो आला करवसुलीच्या मक्त्यातून. हे मक्तेदार राजाला रक्कम आगाऊ देत आणि मीठ-तंबाखूवरचा कर रयतेकडून वसूल करीत. लोक त्यांचा द्वेष करीत, आणि तो अकारण नव्हता. पण खटल्यात माणसागणिक हिशेब कुणी तपासला नाही. तंबाखूत पाणी मिसळल्याचाही आरोप ठेवला गेला. ८ मे १७९४ रोजी २८ मक्तेदारांचा शिरच्छेद झाला. त्यांत पन्नास वर्षांचा लाव्हाझिए होता आणि त्याचे सासरेही.

मारी-आनलाही काही काळ कैद झाली. जप्त झालेले सामान, कागदपत्रे तिने पुढे परत मिळवली आणि नवऱ्याचे अपुरे लेखन छापून काढले. नंतर काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाशी तिने लग्न केले, पण लाव्हाझिए हे नाव सोडायला साफ नकार दिला. ते लग्न काही टिकले नाही.